लहरींची वाटणी आणि शिकणारे यंत्र

दूरच्या माणसाचा आवाज ऐकू यावा आणि बोलताना त्याचा चेहराही दिसावा, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. महाभारतात व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली, ती याच इच्छेचे एक रूप म्हणावे लागेल. परंतु ती देणगी एकट्या संजयापुरती होती. हस्तिनापुरातील प्रत्येक घराने एकाच वेळी रणांगणावरील आपापल्या माणसाला पाहण्याचा हट्ट धरला असता, तर ती शक्ती सर्वांना पुरली असती काय, हा प्रश्न व्यासांपुढे आला नाही. आज मोबाइलवरील व्हिडिओ कॉलच्या रूपाने ही शक्ती घरोघर पोहोचली आहे आणि पुरवठ्याचा प्रश्नही तिच्याबरोबरच आला आहे. एका टॉवरच्या टापूत शेकडो फोन असतात. त्यांना वाटून घ्यावयाच्या रेडिओलहरी मात्र मोजक्या असतात. त्या कोणाला, केव्हा व किती द्यावयाच्या?

गेल्या काही वर्षांत हे काम अनुभवावरून शिकणाऱ्या संगणकांकडे सोपविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ‘मशीन लर्निंग’ हे त्या तंत्राचे प्रचलित नाव; मराठीत आपण त्याला यंत्र-अध्ययन म्हणू. हा विषय इंजिनियरिंग कॉलेजच्या अंकात शोभावा, कला शाखेच्या अंकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. या विषयावर वाचू लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी पाठ केलेली रॉबिन्सची व्याख्या पदोपदी आठवू लागली : गरजा अनेक, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग पर्यायी. साधन लहरींचे असो की धान्याचे, निवड टळत नाही. यंत्र ही निवड कशी करते ते प्रथम पाहू आणि ती कोणाच्या हिताची असावी हे कोण ठरवते, याकडे नंतर वळू.

लहरी अपुऱ्या का पडतात?

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशवहनाचा एक मूलभूत सिद्धान्त मांडला. कोणत्याही मार्गाने दर सेकंदाला किती माहिती बिनचूक पाठविता येईल याला एक कमाल मर्यादा असते, आणि ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : लहरींचा पट्टा किती रुंद आहे आणि भोवतालच्या गोंगाटाच्या मानाने संदेश किती जोरकस आहे. कितीही बुद्धी चालविली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

आता चित्राची भूक किती मोठी असते ते पाहा. ६४० आडवे व ४८० उभे ठिपके असलेले साधे रंगीत चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ अंक (शून्य किंवा एक) आणि दर सेकंदाला ३० चित्रे धरली, तर गुणाकार २२ कोटींच्या वर जातो. एका माणसाच्या चेहऱ्यासाठी, एका सेकंदाला! अमेरिकेत टेलिफोन कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली. भाडे महिना १६० डॉलर होते. त्याच्या काळ्यापांढऱ्या लहानशा चित्रालाही साध्या आवाजाच्या शेकडो पट रुंद मार्ग लागे. लोकांनी त्याकडे पाठ फिरविली आणि काही वर्षांतच तो बेत गुंडाळावा लागला.

पुढे चित्र आवळून पाठविण्याची विद्या आली. मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलेली एक गणिती रीत या विद्येच्या पायाशी आहे. डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळावयाचे, मागच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवावयाचे, अशा युक्त्यांनी ते २२ कोटी अंक आज सुमारे दहा लाखांत बसविता येतात. तरीही ते साध्या बोलण्याच्या कित्येक पट असतात.

पट्टा हवा तेवढा वाढवावा, असेही करता येत नाही. रेडिओ, दूरदर्शन, विमाने, सैन्य, उपग्रह सर्वांनाच त्यातला वाटा हवा असतो. २०२२ साली आपल्या देशात पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी लहरींचा लिलाव झाला, तेव्हा सरकारला सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. लहरींची टंचाई या आकड्यावरून समजावी.

टॉवरचा एक सेकंद

चौथ्या पिढीच्या सेवेत टॉवरपाशी वीस मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा असेल, तर त्याचे शंभर वाटे पाडलेले असतात आणि ही वाटणी दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, नव्याने होते. याचा अर्थ एका सेकंदात एक लाख वाटे. प्रत्येक वाटा कोणत्या फोनला द्यावयाचा याचा निर्णय टॉवरमधील संगणक घेत असतो. आपण ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ असे विचारून होईपर्यंत एक-दोन लाख निर्णय होऊन गेलेले असतात.

हे निर्णय सोपे नसतात. टॉवरजवळच्या माणसाला दिलेल्या एका वाट्यातून पुष्कळ माहिती जाते. टापूच्या कडेला, डोंगराआड किंवा जाड भिंतींच्या घरात बसलेल्या माणसाला दिलेल्या तेवढ्याच वाट्यातून थोडी जाते. पाटाच्या मुखापाशी भरभरून येणारे पाणी शेवटच्या शेतापर्यंत जाईतो झिरपून व उडून जाते, तसेच हे आहे. शिवाय ही स्थिती क्षणाक्षणाला बदलते. दोन गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी १५ सेंटिमीटर असते. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. त्यामुळे हातातला फोन सात-आठ सेंटिमीटर हलला तरी रेंज चांगलीची वाईट होऊ शकते.

व्हिडिओ कॉलचा आणखी एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. आपण मोबाइलवर सिनेमा पाहतो तेव्हा पुढची दहा-वीस सेकंदांची चित्रे आधीच मागवून ठेवता येतात आणि मध्येच मार्ग आटला तरी साठ्यावर भागते. संभाषणात असा साठा करता येत नाही. समोरच्याने जे वाक्य अजून उच्चारलेलेच नाही, ते आधी कसे आणणार? एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणे सहज वाटते आणि ४०० च्या पुढे ते निभत नाही, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. उशीर वाढला की दोघे एकदमच बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ असे सुरू होते. यात दोष कोणाच्याच स्वभावाचा नसतो.

चौथ्या पिढीच्या नियमावलीत थेट संभाषणासाठी वेगळे वर्ग आखलेले आहेत. परंतु आपण ज्या ॲपवरून घरी कॉल करतो, त्यांचा मजकूर सहसा सर्वसाधारण इंटरनेटच्या वर्गातूनच प्रवास करतो. शिवाय तो कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो. आत आजीचा चेहरा आहे की कोणी उतरवून घेत असलेला सिनेमा आहे, हे टॉवरला उघडून पाहता येत नाही. पाकिटांचे आकार आणि ती किती अंतराने येतात, यावरूनच त्याला तर्क करावा लागतो. असे तर्क करणे हे यंत्र-अध्ययनाचे एक काम होय.

तीन न्याय आणि चौथा

आता एक लहानसे गणित करू. टॉवरपाशी १२ वाटे आहेत आणि कॉल करणारे दोघे आहेत. एक टॉवरजवळचा; त्याला दिलेल्या प्रत्येक वाट्यातून माहितीचे ५ माप जाते. दुसरा कडेचा, त्याला दिलेल्या वाट्यातून १ माप जाते. दोघांचाही कॉल नीट चालण्यास प्रत्येकी ८ मापे लागतात असे धरू.

पहिला न्याय असा की एकूण माहिती जास्तीत जास्त जावी. मग बाराही वाटे जवळच्याला द्यावे लागतात. एकूण ६० मापे गेली, कडेच्याला शून्य. बेंथॅमचे ‘जास्तीत जास्त’ शब्दशः घेतले तर ते इथे येऊन पोहोचते.

दुसरा न्याय असा की ज्याला सर्वांत कमी मिळते त्याला शक्य तितके अधिक मिळावे. मग जवळच्याला २ व कडेच्याला १० वाटे. दोघांच्याही पदरी १० मापे, एकूण २०. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात जॉन रॉल्स यांनी मांडलेल्या तत्त्वाशी याचे नाते उघड आहे. रॉल्सचे विवेचन समाजाच्या मूलभूत संस्थांविषयी आहे, टॉवरविषयी नाही, हे मान्य. पण शेवटच्या माणसाकडून मोजणी सुरू करण्याची दृष्टी तीच आहे.

तिसरा न्याय मधला. दोघांना सारखा वेळ द्यावा, म्हणजे ६ व ६ वाटे. जवळच्याला ३० मापे, कडेच्याला ६, एकूण ३६. केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडलेली ‘प्रमाणबद्ध न्याय्यता’ आपल्या उदाहरणात हेच उत्तर देते. जॉन नॅश यांनी १९५० साली सौद्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि ही रीत यांचे गणित एकच आहे. मोबाइलच्या टॉवरमध्ये याच कुळातील नियम वर्षानुवर्षे वापरले जात आहेत आणि सर्वसाधारण कामासाठी ते चांगलेही आहेत.

पण आपल्या दोघांचे काय झाले? तिसऱ्या न्यायाने जवळच्याला गरजेच्या जवळजवळ चौपट मिळाले आणि कडेच्याचा कॉल ६ मापांत अडकून पडला. आता गरज पाहून वाटणी करू. जवळच्याला २ वाटे दिले की १० मापे झाली, त्याचे भागले. कडेच्याला ८ वाटे दिले की ८ मापे झाली, त्याचेही भागले. शिवाय २ वाटे शिल्लक राहिले, ते तिसऱ्या कोणाला देता येतील. या चौथ्या रीतीत चमत्कार काहीच नाही. मात्र तिला प्रत्येकाची गरज आणि प्रत्येकाची पुढच्या क्षणाची स्थिती माहीत असावी लागते. इथेच शिकणाऱ्या यंत्राची गरज लागते.

यंत्र शिकते म्हणजे काय?

एस. टी.चा मुरलेला कंडक्टर घ्या. बाजाराच्या दिवशी कोणत्या थांब्यावर किती माणसे चढतील, कोणत्या फाट्याला गाडी निम्मी रिकामी होईल, हे त्याला पुस्तकातून कळलेले नसते. हजार फेऱ्यांनी ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आर्थर सॅम्युअल यांनी संगणकाला सोंगट्यांचा चेकर्स हा खेळ स्वतःच्या अनुभवावरून सुधारावयास लावला आणि १९५९ साली त्यावरील निबंधात ‘मशीन लर्निंग’ हा शब्द रूढ केला. पुढे रिचर्ड सटन व अँड्र्यू बार्टो यांनी बक्षिसातून शिकण्याचे शास्त्र उभारले. त्यासाठी त्यांना २०२४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८९ साली क्रिस वॉटकिन्स यांनी केंब्रिजच्या प्रबंधात दिलेली एक रीत आजही या शास्त्राच्या अभ्यासात प्रारंभीच शिकविली जाते.

या शास्त्राची मांडणी तीन शब्दांत सांगता येते : स्थिती, कृती आणि बक्षीस. आपल्या विषयात स्थिती म्हणजे कोणाची रेंज किती, कोणाची किती पाकिटे रांगेत खोळंबली आहेत, उशीर वाढतो आहे की घटतो आहे. कृती म्हणजे कोणाला किती वाटे द्यावयाचे. बक्षीस म्हणजे त्या कृतीनंतर मिळालेला गुण : चित्र स्पष्ट आले तर अधिक, चित्र गोठले तर उणे, आवाजाला उशीर झाला तर आणखी उणे. यंत्र प्रारंभी चाचपडते. लक्षावधी प्रयत्नांनंतर कोणत्या स्थितीत कोणती कृती केली असता पुढे जाऊन गुण वाढतात, याचा अदमास त्याला येऊ लागतो. ‘पुढे जाऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोगद्यात शिरणाऱ्या गाडीतील माणसाला आताच थोडे अधिक देऊन ठेवावे, असा दूरचा विचार त्यातून उपजतो.

हे शिकणे दोन ठिकाणी चालते. एक टॉवरच्या बाजूला. तेथे दर मिलिसेकंदाचा निर्णय शिकणाऱ्या यंत्राकडून घेणे घाईचे होते. म्हणून २०१८ साली स्थापन झालेल्या ओ-रॅन संघटनेच्या रचनेत अशा यंत्राला दहा मिलिसेकंद ते एक सेकंद एवढ्या सवडीचे काम नेमून दिलेले आहे. ते धोरण ठरविते, जलद नियम ते अमलात आणतात. दुसरे ठिकाण म्हणजे आपला फोन. मार्गात किती जागा आहे याचा अंदाज घेऊन तो चित्र कमीअधिक आवळतो. जुने नियम असे : पाकिटांना उशीर होऊ लागला की चित्र लहान करा, मार्ग मोकळा झाला की हळूहळू वाढवा. हा नियम कधी फार घाबरट ठरतो, कधी फार धीट.

यातील अडचणही सांगितली पाहिजे. चाचपडत शिकणारे यंत्र ज्यांच्यावर चाचपडते, ते कोणाचे तरी खरे कॉल असतात. म्हणून यंत्राला संगणकावर रचलेल्या खोट्या जाळ्यात शिकविले जाई. पण कोरड्या जमिनीवर हातपाय मारून पोहणे शिकलेल्याची विहिरीत जी गत होते, ती त्याची खऱ्या हवेत होई. २०२० साली चीनमधील संशोधकांनी ‘ऑन-आर-एल’ नावाची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात यंत्र प्रत्यक्ष चालू कॉलवरच शिकत असे आणि त्याचे निर्णय बिघडू लागले असे दिसताच सूत्रे जुन्या नियमांकडे जात. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने संशोधकांची एक स्पर्धा घेतली, तिचा विषय झालेल्या कॉलच्या नोंदींवरूनच यंत्राला शिकविणे हा होता. म्हणजे एका बाजूला गुरूला शेजारी उभे करून पाण्यात उतरविणे, दुसऱ्या बाजूला इतरांचे पोहणे पाहून शिकणे.

बक्षीस कशाला?

इथवर आल्यावर मला जे सांगावयाचे आहे त्याच्या गाभ्याशी आपण पोहोचतो. यंत्र बक्षिसाच्या मागे धावते, आणि ते शब्दशः धावते. बक्षीस एकूण मापांवर ठेवले, तर आपल्या उदाहरणातील कडेच्या माणसाला वाऱ्यावर सोडणे हेच सर्वांत फायद्याचे आहे, हा शोध यंत्र आपणहून लावील. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसेल. कोठेही ‘याला देऊ नका’ असा नियम लिहिलेला सापडणार नाही. सरासरी मात्र उत्तम दिसेल. परीक्षेच्या निकालाची सरासरी वाढावी म्हणून कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू न देण्यासारखे हे आहे.

आणि कडेचा माणूस म्हणजे कोण? मोबाइल कंपन्यांना गिऱ्हाइके दाट असतील तिथे टॉवर दाट उभारणे परवडते. म्हणून कडेला बहुधा वाडीवस्तीवरचे, आडवळणी गावचे लोक असतात. ज्यांना दवाखाना लांब पडतो तेही तेच. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांशी दृश्य संभाषण करता येऊ लागले. अशा सेवेची गरज ज्यांना अधिक, त्यांचीच रेंज कच्ची, असा हा पेच आहे.

‘चांगला कॉल’ म्हणजे काय, याचेही उत्तर एक नाही. बहुतेकांना आवाज अखंड हवा असतो. चित्र थोडे धूसर झाले तरी चालते. परंतु खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाला आवाजाचा उपयोग नाही. त्याला हाताची हालचाल सलग दिसली पाहिजे. त्यासाठी चित्र लहान असले तरी चालेल, पण दर सेकंदाला वीस-पंचवीस चित्रे हवीत. त्वचेवरील पुरळ पाहणाऱ्या डॉक्टरला नेमके उलटे हवे असते : चित्रे थोडी आली तरी चालतील, पण एकेक स्वच्छ हवे. बहुसंख्यांच्या आवडीवरून ठरविलेले एकच बक्षीस यंत्राला दिले, तर आवाज राखण्यासाठी ते चित्रांची संख्या कमी करील आणि खुणांनी बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तुटेल. त्याच्या लेखी तो कॉल उत्तीर्णच असेल!

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, असे सांगितले. २०१८ साली केंद्र सरकारने इंटरनेटवरील मजकुरात भेदभाव न करण्याचे तत्त्व मान्य केले, मात्र वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन करण्याची मुभा ठेवली. वाजवी म्हणजे काय, हे पूर्वी लिहिलेले नियम वाचून तपासता येत असे. शिकलेल्या यंत्रात वाचण्याजोगा नियम नसतो. लाखो आकडे असतात. म्हणून त्याची तपासणी परिणामांवरून करावी लागेल. सरासरी किती, हे विचारून भागणार नाही. सर्वांत वाईट कॉल मिळालेल्या शंभरातील पाच जणांना काय मिळाले, ते कोठे राहतात, त्यांचा कॉल कशासाठी होता, हे विचारावे लागेल. आणि बक्षिसाचे कोष्टक लोकांपुढे मांडण्याचा आग्रहही धरावा लागेल.

यंत्राने शिकू नये, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. गरज ओळखून वाटणी करण्याची चौथी रीत, जी माणसाला मिलिसेकंदाच्या हिशेबात कधीच साधली नसती, ती या यंत्राच्या आवाक्यात आली आहे. त्यामुळे बारा वाट्यांत दोघांचे भागून दोन उरू शकतात, हा लाभ लहान नाही. मात्र कोणाची गरज गरज म्हणून धरावयाची, हे ठरविण्यासाठी गणिताच्या जोडीला अर्थशास्त्र, नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचीही माणसे बसावी लागतील. बेंथॅम आणि रॉल्स यांच्यावर आपण वर्गात टिपणे काढतो, ती केवळ पेपरापुरती असतात असा आपला समज झालेला आहे. तोच वाद आज टॉवरमध्ये दर सेकंदाला लाख वेळा निकालात निघत आहे, आणि त्याचा निकाल काय लागावा याविषयी आपल्याला काही म्हणावयाचे असेल, तर ते बक्षिसाचे कोष्टक ठरण्याच्या आत म्हटले पाहिजे.